गारपिटीनंतरचे पहिले ७२ तास: आधी काय करावे, मग काय

गारपीट पंधरा-वीस मिनिटांत संपते, पण तिचे नुकसान पुढचे पंधरा दिवस वाढत राहते. पहिले नुकसान गारा करतात. दुसरे नुकसान जखमांतून शिरलेली बुरशी, साचलेले पाणी आणि आपली घाई मिळून करतात. पहिले आपल्या हातात नसते, दुसरे बरेचसे असते.

गारपिटीनंतर दोन प्रकारच्या चुका सर्रास दिसतात. काही जण दुसऱ्याच दिवशी पीक उपटतात, घड तोडतात किंवा रोटाव्हेटर घालतात. मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. काही जण पंचनामा होईपर्यंत शेताला हातच लावत नाहीत. आठ दिवसांनी पथक येते, तोवर वाचू शकणारे पीकही कुजलेले असते. पुरावा आणि पीक ही दोन्ही वाचवायची असतील तर कामांचा क्रम नीट लावावा लागतो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

हिवाळ्यात गारा कुठून येतात?

डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राकडून थंड हवेचे झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. यांनाच पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा असे झंझावात उत्तर भारतावरून जातात. त्यांच्यामुळे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ पडतो, तर पंजाब, हरियाणा, राजस्थानात पाऊस होतो. तिथल्या गव्हाला तो पाऊस मानवतो. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे थंड वारे खाली उतरतात आणि धुळे, जळगाव, निफाडपर्यंत पारा घसरतो.

महाराष्ट्रात गारपीट होण्यासाठी आणखी एक गोष्ट जुळावी लागते. उंचावरचा थंड हवेचा पट्टा दक्षिणेकडे मध्य भारतापर्यंत सरकला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून बाष्प आले, तर दोन्हींची गाठ मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भावर पडते. जमिनीलगतची हवा दुपारी तापलेली असते आणि वर कडाक्याची थंडी असते. तापलेली हवा वेगाने वर चढते, ढग काही तासांत दहा किलोमीटरपेक्षा उंच होतात. त्यातले पाण्याचे थेंब शून्याखालच्या थरात गोठतात, वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत बर्फाचे थर अंगावर चढवत जातात आणि वाऱ्याला पेलेनासे झाले की कोसळतात. म्हणूनच गारपीट बहुधा दुपारनंतर होते, अरुंद पट्ट्यात होते आणि एका शिवारातली बाग झोडपून शेजारची कोरडी ठेवते.

हे प्रसंग आपल्याला नवे नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात अनेक दिवस गारपीट होत राहिली आणि काढणीला आलेली रब्बी पिके गेली. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांद्याला गारांनी झोडपले. नोव्हेंबर ते एप्रिल यांतला कोणताही महिना पूर्ण सुरक्षित समजू नये.

इशारा आल्यावर काय करावे?

भारतीय हवामान विभाग चार रंगांत इशारे देतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. जिल्ह्यासाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. पाच दिवसांच्या अंदाजावरून कामांचे नियोजन करावे. प्रत्यक्ष त्या दिवशी पुढच्या तीन तासांसाठी दिली जाणारी तातडीची सूचना पाहावी, कारण नेमके कोणत्या भागात ढग वाढत आहेत हे रडारवर त्याच वेळी कळते.

पिवळा किंवा नारंगी इशारा असेल तर:

- काढणीला आलेला हरभरा, गहू, ज्वारी शक्य तेवढी काढून घ्यावी. कापलेल्या पिकाची सुडी उंचवट्यावर रचून ताडपत्रीने झाकावी आणि ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबाव्यात.
- शेडवरचा बेदाणा आणि शिजवून वाळत घातलेली हळद झाकण्याची तयारी सकाळीच करावी. ढग आल्यावर पळापळ करून उपयोग होत नाही.
- उभ्या गव्हाला आणि ज्वारीला पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत वाऱ्याने पीक लगेच लोळते.
- फवारणी आणि खत देणे पुढे ढकलावे.
- शेताच्या खालच्या बांधाला पाणी निघण्याची वाट मोकळी करून ठेवावी.
- पिकाचे आजचे, चांगल्या स्थितीतले फोटो काढून ठेवावेत. नुकसानीआधीचा फोटो नंतर फार कामी येतो.

वीज कडाडू लागली की झाडाखाली, लोखंडी शेडच्या खांबाजवळ किंवा विहिरीच्या मोटारीपाशी थांबू नये. जनावरे झाडाला बांधलेली असतील तर आधीच सोडवून गोठ्यात आणावीत. बेदाणा झाकण्यासाठी विजेत शेतात धावणे हा सौदा कधीही परवडणारा नाही.

पहिले २४ तास: पुरावा आणि पाणी

या दिवशी दोनच कामे करायची आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

पहिले काम नोंदीचे. तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल अशा पद्धतीने मोबाइलवर फोटो काढावेत. एक फोटो शेताची ओळख पटेल असा, म्हणजे विहीर, घर किंवा बांधावरचे झाड दिसेल असा. दुसरा संपूर्ण पिकाचा. तिसरा जवळून, जखमी पान, घड किंवा घाटा दिसेल असा. गारा अजून पडलेल्या असतील तर त्यांच्याशेजारी नाणे ठेवून फोटो काढावा. लहानसा व्हिडिओ घेताना गाव, गट क्रमांक आणि पीक तोंडाने सांगावे.

त्यानंतर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कृषी सहायक यांना लेखी कळवावे. फोनवर सांगितले तरी साधा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माणूस जखमी झाला असेल, घर पडले असेल किंवा रस्ता बंद झाला असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर फोन करावा. जनावर दगावले असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावे. त्या दाखल्याशिवाय मदतीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही.

दुसरे काम पाण्याचे. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. भारी काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी राहिले तर हरभरा, कांदा आणि टोमॅटोची मुळे गुदमरतात. पाने हिरवी दिसत असली तरी चौथ्या-पाचव्या दिवशी झाड अचानक माना टाकते. बागेत बुंध्याभोवतीची आळी एका बाजूने फोडून द्यावीत. यात पुरावा नष्ट होत नाही, त्यामुळे पंचनाम्याची वाट पाहू नये. मात्र वाफसा येण्याआधी शेतात ट्रॅक्टर घालू नये. ओल्या जमिनीवर चाके फिरली की माती घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

२४ ते ४८ तास: नुकसान मोजा

‘सगळे गेले’ असे सांगण्यापेक्षा आकडा सांगणे उपयोगाचे असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. तुमचे नुकसान या रेषेच्या आसपास असेल तर मोजणीला फार महत्त्व येते.

द्राक्षबागेत तिरकस चालत वेगवेगळ्या ओळींतल्या दहा वेली निवडाव्यात. प्रत्येक वेलीवरचे एकूण घड आणि मार लागलेले घड मोजावेत. समजा दहा वेलींवर ३०० घड आहेत आणि त्यांतले १२६ जखमी आहेत, तर नुकसान ४२ टक्के. गहू, हरभरा किंवा कांद्यात शेताच्या पाच ठिकाणी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखून त्यातली एकूण आणि मोडलेली झाडे मोजावीत. बांधाकडेची किंवा फक्त वाईट दिसणारी जागा निवडू नये. कागदावर आकडे लिहून त्याचा फोटो काढावा. पथक स्वतःची पाहणी करणारच, पण तुमच्याकडे मोजणी असेल तर चर्चा नेमकी होते.

या वेळेपर्यंत पथक आले नसेल आणि जखमी घड किंवा फळे काढणे भाग असेल, तर बागेचा एक प्रातिनिधिक भाग, उदाहरणार्थ मधल्या दोन ओळी, जशाच्या तशा ठेवाव्यात आणि तसे तलाठ्यांना कळवावे. काढलेला माल एका जागी ढीग करून त्याचा फोटो घ्यावा. पीक मोडून नांगर घालायचा असेल तर मात्र पंचनामा झाल्याशिवाय घालू नये.

४८ ते ७२ तास: छाटणी, मग फवारणी

क्रम महत्त्वाचा आहे. मोडलेल्या फांद्या आणि फुटलेली फळे झाडावर ठेवून फवारणी केली तर औषध वाया जाते, कारण रोगाचे घर झाडावरच राहते. आधी स्वच्छता, मग पाने कोरडी झाल्यावर फवारणी.

द्राक्ष: फुलोऱ्याच्या आणि मणी सेटिंगच्या अवस्थेत घडात पाणी साचून कूज होते, शिवाय डाऊनी मिल्ड्यू वाढतो. तारा हलवून घडातले पाणी झटकावे आणि फाटलेली पाने काढून हवा खेळती करावी. मणी गोड झालेले असतील तर तडकलेले मणी कात्रीने काढावेत, नाहीतर एका मण्याचा रस अख्खा घड आंबवतो. काढणी जवळ असताना बुरशीनाशक निवडताना काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाहावा. निर्यातीच्या बागेत मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने दिलेल्या यादीबाहेरचे औषध वापरू नये. गारांतून वाचलेला माल उर्वरित अंशामुळे नाकारला गेला तर दुहेरी नुकसान होते.

डाळिंब: गारांची जखम म्हणजे तेल्याला उघडे दार. मार लागलेली फळे गोळा करून बागेबाहेर खोल पुरावीत. फांद्यांच्या जखमांना १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १० लिटर पाण्यात घ्यावा. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी. फळे असलेल्या बागेत कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे.

संत्रा, मोसंबी: आंबिया बहराची बारीक फळे गळतात. मोडलेल्या फांद्या जिवंत भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट लावावी आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी घ्यावी. बुंध्याजवळ पाणी राहिल्यास डिंक्या वाढतो, म्हणून निचरा पाहावा.

आंबा: मोहरावर पाऊस पडल्यावर करपा, भुरी आणि तुडतुडे एकाच वेळी डोके वर काढतात. ऊन पडल्यावर मोहर तपासावा आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातील, अवस्थेला साजेशी फवारणी घ्यावी.

कांदा: फाटलेल्या पातीवर जांभळा करपा लवकर येतो. मॅन्कोझेब ७५ टक्के, २.५ ग्रॅम प्रति लिटर, चिकटद्रव्य मिसळून फवारावे. पीक काढणीला आले असेल तर जमीन वाळू द्यावी, मगच काढावे. मार लागलेला आणि ओला कांदा वेगळा काढून लवकर विकावा. तो चाळीत गेला तर शेजारचा चांगला कांदाही सडवतो.

हरभरा: पावसाने पानांवरची आंब धुऊन जाते आणि ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्काने सुरुवात करावी. फुलोऱ्यात मार बसलेला हरभरा जमिनीत ओल असेल तर पुन्हा फुटतो, म्हणून लगेच उपटण्याची घाई करू नये. घाटे भरलेले असताना मोडलेले पीक मात्र सावरत नाही.

गहू, ज्वारी: कांडी अवस्थेत लोळलेला गहू पेऱ्यातून पुन्हा थोडा उभा राहतो. त्याला पाणी देऊ नये, युरिया टाकू नये. पक्व पीक भिजले असेल तर ऊन मिळताच कापून पेंढ्या उभ्या करून वाळवाव्यात. आडवे पडून राहिले तर गव्हाला कोंब येतात आणि ज्वारी काळी पडते. साठवणीआधी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांखाली आणावा.

घाईत करू नयेत अशी कामे

गारपिटीनंतर दुसऱ्याच दिवशी दुकानातून टॉनिक, संजीवक, बुरशीनाशक, कीटकनाशक आणि विद्राव्य खत एका टाकीत मिसळून फवारले जाते. जखमी पानांना त्याचा चटका बसतो. झाडाला पहिले चार-पाच दिवस नवे अन्न नको असते, मोकळ्या मुळांची आणि कोरड्या पानांची गरज असते. नवी फूट दिसू लागल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत ५ ग्रॅम प्रति लिटर फवारावे, तेव्हा त्याचा फायदा होतो. तांबेयुक्त औषधांमध्ये इतर काहीही मिसळू नये.

पावसानंतर आकाश निरभ्र झाले की दोन-तीन रात्री थंडी वाढू शकते. अशा वेळी जखमी केळी आणि भाजीपाल्याला संध्याकाळी हलके पाणी द्यावे. जमीन आधीच चिंब असेल तर पाणी देऊ नये. केळीचे घड झाकावेत आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा.

मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी

अनेकांचा इथेच गोंधळ होतो. पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा झाला, असे नाही.

शासकीय मदत: गारपीट आणि थंडीची लाट या दोन्ही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहेत. अवकाळी पाऊस आणि वीज पडणे यांना महाराष्ट्राने राज्याच्या पातळीवर आपत्ती मानले आहे. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार हेक्टरी मदत कोरडवाहू पिकांना ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये ठरली होती. ही मदत दोन हेक्टरच्या मर्यादेत होती. दुधाळ गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये आणि माणूस मृत्युमुखी पडल्यास वारसांना ४ लाख रुपये, असे त्या निकषांत ठरले होते. राज्य शासन एखाद्या प्रसंगी वाढीव दर किंवा क्षेत्र जाहीर करते, म्हणून त्या-त्या घटनेचा शासन निर्णय पाहावा. सातबारावर पिकाची ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक आणि आधार जोडलेले बँक खाते, या तिन्हींतले एक जरी अडले तरी पैसे अडकतात.

पीक विमा: पूर्वी गारपिटीनंतर ७२ तासांत विमा कंपनीला कळवले की शेतपातळीवर पाहणी होत असे. खरीप २०२५ पासून महाराष्ट्राने प्रधानमंत्री पीक विमा योजनेची पद्धत बदलली. एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे गहू, हरभरा किंवा कांद्यासाठी ‘फोन केला, आता पैसे येतील’ असे गृहीत धरू नये. नियम हंगामागणिक बदलू शकतात, म्हणून तुमच्या पावतीवर कोणती जोखीम लिहिली आहे हे हंगामाच्या सुरुवातीलाच वाचावे. फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते. ते घेतले असेल तर ७२ तासांची मुदत पाळावीच लागते. विम्याची सूचना १४४४७ या मदत क्रमांकावर देता येते. सूचना दिल्यावर मिळालेला क्रमांक लिहून ठेवावा.

गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी

कृषी सहायक आणि इतर विस्तार कर्मचाऱ्यांनी पाहणीचा क्रम गट क्रमांकाप्रमाणे लावण्यापेक्षा पिकाच्या नाशवंतपणाप्रमाणे लावावा. द्राक्ष, भाजीपाला आणि काढणीचा कांदा पहिल्या दोन दिवसांत पाहावा, संत्रा-मोसंबीच्या बागा आणि उभा गहू नंतर पाहिला तरी चालतो. पाहणीचा दिवस गावच्या ग्रुपवर आदल्या दिवशी कळवला तर शेतकरी पीक मोडत नाही आणि ताटकळतही नाही. गारांचा पट्टा अरुंद असतो, त्यामुळे मंडळातील पर्जन्यमापकावर पाऊस कमी दिसला म्हणून शिवार वगळू नये. जमीन वाट्याने करणारे, तसेच एकट्या महिला शेतकरी, यांची नावे यादीतून सहज सुटतात, ती मुद्दाम विचारून घ्यावीत.

आजच करून ठेवण्यासारखे

ताडपत्र्या फाटलेल्या नाहीत ना ते पाहावे. बांधावर मोरचूद आणि चुना ठेवावा. ई-पीक पाहणी झाली की नाही ते तपासावे. विम्याची पावती, सातबारा आणि तलाठ्यांचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवावा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फोटो कसे काढायचे आणि अर्ज कुठे द्यायचा हे सांगून ठेवावे, कारण गारपीट झाली तेव्हा तुम्ही बाजारात असू शकता. पिकाबद्दल शंका आल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे, आणि पिकाचा जवळून काढलेला फोटो सोबत न्यावा.